बेचाळीस नंबरची पँट

माणसानं दुकानाच्या पायरीवर पाऊल ठेवलं की तो आत येईपर्यंत टेपकाकांनी त्याचं माप मनातल्या मनात घेऊन टाकलेलं असायचं. गळा साडेपंधरा, छाती अडतीस, डावा खांदा जरासा उतरता. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत ते फळीवरून खोका काढून समोर ठेवत आणि म्हणत, "हा घालून बघा. नाही बसला तर नाव बदलीन." नाव बदलायची पाळी कधी आली नाही, पण खरं नाव मात्र लोक विसरून गेले. गळ्यात सदानकदा पिवळा टेप लोंबायचा, म्हणून ते टेपकाका. हा टेप ते जवळजवळ कधीच वापरत नसत. डोळ्यानं भागत होतं.

वडील शिंपी होते, त्यामुळे कापडाची भाषा घरातच शिकायला मिळाली. शिवणीच्या आतल्या बाजूला जे जादा कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. वडील चांगली दीड इंच माया सोडत. गिऱ्हाइकानं कापड वाचवायला सांगितलं तर ऐकत नसत. म्हणत, "माणूस पुढच्या वर्षी याच अंगानं येईल, असं लिहून देतोस का?" पुढं शिवून घेणारी गिऱ्हाइकं कमी झाली, वडील गेले, आणि टेपकाका तयार कपड्यांच्या मोठ्या दुकानात विक्रीला लागले. तिथंच त्यांची सव्वीस वर्षं गेली.

पहिली पंधरा वर्षं सुखाची. थोरले मालक माल बघून घेत, उलटा करून शिवण ओढून बघत. मग थोरले मालक थकले, धाकटे गल्ल्यावर बसले आणि माल बदलला. एका दिवसात नाही, हळूहळू. आधी बटणं पातळ झाली. मग कॉलर दुसऱ्या धुण्यात मान टाकायला लागली. मग काकांच्या लक्षात आलं की चाळीस नंबरचा शर्ट चाळीस राहिलेला नाही. त्यांचा डोळा सांगायचा चाळीस, आणि माणूस आतून घामाघूम होऊन बाहेर यायचा, मधली दोन बटणं उघडीच. एकदा दुकान बंद असताना त्यांनी गळ्यातला टेप काढून एक शर्ट मोजला. सरळ दीड इंच कमी. कापड वाचवायला कारखान्यानं कात्री आत घातली होती आणि चिठ्ठी तीच ठेवली होती.

तेव्हा काही बोलायला हवं होतं, हे काकांना पुढं फार उशिरा कळलं. त्या वेळी त्यांना राग आला तो वेगळाच. आपला डोळा खोटा ठरतोय याचा.

असाच एक भरदार अंगाचा गृहस्थ एका दुपारी कपडे बदलायच्या खोलीतून तणतणत बाहेर आला. "तुमच्या नंबरातच गडबड आहे! मी कायम चाळीस घालतो." आवाज चढलेला, दुकानात आठ-दहा माणसं. काकांच्या तोंडून सहज निघून गेलं, "साहेब, शर्ट आहे तिथंच आहे. तुम्हीच जरा पुढं गेलात."

दोघंतिघं हसले. आणि जो माणूस इतका वेळ भांडत होता, त्यानं खाली आपल्या पोटाकडे पाहिलं, शर्टाचे दोन्ही पदर हातानं जवळ ओढले आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मग बेचाळीस दाखवा."

धाकट्या मालकांनी गल्ल्यावरून हे पाहिलं. "काका, एका वाक्यात मिटवलंत की!" पुढच्या आठवड्यापासून काकांची जागा बदलली. कपडे परत आणणारे, बदलून मागणारे, तक्रार करणारे यांच्यासाठी दुकानाच्या कोपऱ्यात एक टेबल होतं, तिथं काका बसू लागले.

त्या टेबलावर त्यांनी नाव काढलं. उसवलेली बाही घेऊन कुणी आलं की ते आधी बाहीकडे बघत नसत, माणसाकडे बघत. वरपासून खालपर्यंत, सावकाश. मग हसून, अदबीनं, ताई-दादा करून एखादं वाक्य सोडत. जाड माणसाला एक, हडकुळ्याला दुसरं. "दादा, हँगरला शर्ट अडकवला तरी थोडा भरतो हो, तुमच्या अंगावर तेवढाही नाही." "ताई, फोटोतल्या मुलीला बघून घेतलात ना? आरशात बघून घ्यायचा असतो." आवाज किती ठेवायचा हेही त्यांना साधलं होतं. शेजारच्या दोघांना ऐकू जाईल एवढा चढा, आणि गंमत केली असं म्हणता येईल एवढा हलका. ज्याला लाज वाटते तो पावती दाखवत बसत नाही. तो पिशवी उचलतो आणि जातो. काकांना वाटे, आपण विनोदी आहोत.

मग गावातल्या मोठ्या इस्पितळाच्या गणवेशांचं काम दुकानाला मिळालं. वॉर्डात काम करणाऱ्या बायकांना आणि पुरुषांना दोन-दोन जोड, निळा शर्ट, निळी पँट. गठ्ठे आले तेव्हा काकांनी सवयीनं एक पँट उलटी केली आणि त्यांचा हात थांबला. बैठकीच्या शिवणीला माया नावालाच होती, नखाएवढी. टाके इंचाला जेमतेम सहा. टेप लावला. चिठ्ठीवर बेचाळीस, कंबर भरली साडेएकोणचाळीस. दुसरी मोजली, तिसरी मोजली. सगळ्या तशाच.

ते धाकट्या मालकांकडे गेले. "हा माल परत पाठवायला हवा. वाकून काम करणारी माणसं आहेत ती. आठ दिवसांत फाटतील."

मालक फोनवर होते. फोन छातीशी धरून म्हणाले, "काका, उद्या द्यायचेत. तक्रारी आल्या तर तुम्ही आहातच की."

आणि काका, खरं सांगायचं तर, या वाक्यानं थोडे सुखावले.

तक्रार दहाव्या दिवशी आली. इस्पितळातल्या चौघीजणी कामाची पाळी संपवून एकदमच आल्या. वॉर्डातल्या अशा बायकांना सगळे मावशीच म्हणतात, मग वय पंचवीस असो की पन्नास. पुढं झाली ती मावशी अडतीस-चाळिशीची, उंच, चांगली धिप्पाड, मोठ्या हातांची. तिनं पिशवीतून पँट काढून टेबलावर पसरली. बैठकीची शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली.

"पेशंटला उचलत होते," ती म्हणाली. "सगळ्या वॉर्डासमोर गेली. बेचाळीस लिहिलंय आणि मला बेचाळीसच लागतं, आज दहा वर्षं. ही बेचाळीस नाहीये."

ती मुद्द्याचं बोलत होती, आवाजही चढलेला नव्हता. मागं इतर गिऱ्हाइकं उभी. गल्ल्यावरून धाकटे मालक बघत होते. काकांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हात जोडले.

"ताई, बेचाळीसचीच आहे. पण आमच्याकडे पँट मिळते हो. तंबू हवा असेल तर पुढच्या चौकात मांडववाले आहेत."

दुकान हसलं. तिच्याबरोबरच्या तिघी आधी कचरल्या, पण त्यातल्या एकीला आवरलं नाही, मग दुसरीलाही. आणि ती मावशीही हसली. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. हसत हसत तिनं पँट गोळा करून पिशवीत कोंबली, "काय बाई हे काका!" असं म्हणाली आणि सगळ्यांच्या आधी दाराबाहेर पडली.

बाकीच्या तिघींच्या पिशव्या उघडल्याच नाहीत. त्यांच्याही पँटा त्याच कारणानं आणलेल्या होत्या, पण आता टेबलावर ठेवायला कुणी धजलं नाही.

काकांनी घरी जेवताना बायकोला हा किस्सा रंगवून सांगितला. बायको हसली नाही. "तीसुद्धा हसली?" एवढंच तिनं विचारलं.

"सगळ्यांत जास्त!"

बायकोनं ताटं उचलली.

यानंतर सहा-सात महिन्यांनी काका दुकानातल्या शिडीवरून पडले. वरच्या फळीवरचा खोका काढताना शिडी सरकली आणि ते उजव्या कुशीवर आपटले. मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. त्याच मोठ्या इस्पितळात नेलं, ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसवली, आणि पुरुषांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या सात नंबरच्या खाटेवर त्यांना आणून ठेवलं. निदान बारा दिवस उठायचं नाही, असं डॉक्टर सांगून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला कोमट पाण्याचं भांडं, टॉवेल आणि पडद्याची चौकट ढकलत एक मावशी आली. या वॉर्डातली अंघोळ घालायची कामं पुरुष मदतनीस करत, त्यांना सगळे मामा म्हणत. पण दोन मामांपैकी एक रजेवर होता, म्हणून मावशीला यावं लागलं. काकांनी मान वळवली. तेच मोठे हात. तीच उंची.

तिनं ओळखलं की नाही, चेहऱ्यावरून काही कळलं नाही. "काका, अंग पुसून घेऊ," म्हणाली आणि पडदा ओढला.

काकांनी डोळे मिटून घेतले. साठीला आलेल्या त्या माणसाचं अंग लग्नानंतर बायकोशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर ते दुसऱ्यांची अंगं मोजत आले होते, स्वतःचं कधी डोळ्यांपुढं आणलं नव्हतं. आता ते सगळं उजेडात पडलं होतं. काड्यांसारखे पाय, त्यावर ठेवल्यासारखं सुटलेलं पोट, छातीवर पांढऱ्या केसांचा पुंजका, लघवीची नळी. ते वाट बघत होते. अशा वेळी काय म्हणता येईल याची पंधरा-वीस वाक्यं त्यांच्याच डोक्यात तयार होती. एकेक वाक्य त्यांना स्वतःच्या आवाजात ऐकू येत होतं.

ती काहीच बोलली नाही. जेवढा भाग पुसायचा तेवढीच चादर बाजूला करायची, पुसून झाला की लगेच झाकायचा, मग पुढचा. पाणी गार झालं तर "थांबा हं" म्हणून बदलून आणलं. कुशीवर वळवताना एक हात पाठीखाली, एक मोडक्या पायाखाली, आणि "आता जरा दुखेल" हे आधी सांगून. सगळं झाल्यावर पडदा उघडायच्या आधी तिनं त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

ती पाठमोरी झाली तेव्हा काकांना दिसलं. बाहेर चांगलंच उकडत होतं, तरी तिनं कमरेला एक जाड स्वेटर बांधला होता, बाह्या पुढं गाठ मारून, म्हणजे मागची बाजू झाकली जाईल असा.

वॉर्डाच्या दारातून मामानं हाक मारली, "ए तंबू! तीन नंबरची चादर बदलायचीय!"

"आले," ती म्हणाली.

काकांना आधी वाटलं, आपण चुकून ऐकलं. पण दिवसभरात ती हाक चार वेळा आली. तंबू, ऑक्सिजनवाल्याला बोलाव. तंबूला विचारा, तिला माहीत असेल. कुणी कुचकेपणानं म्हणत नव्हतं, हीच मोठी पंचाईत होती. नाव अंगवळणी पडलं होतं, म्हणणाऱ्यांच्या आणि तिच्याही. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं तर सरळ "तंबूताई, जरा पाणी" म्हटलं, बिचाऱ्याला ते तिचं नावच वाटलं होतं.

आपण टेबलामागं बसून एक शब्द टाकला, दुकान हसलं, आपण घरी जाऊन जेवलो. आणि तो शब्द इथं रोज सकाळी कामावर येत होता. काकांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण पाय उशांमध्ये बसवलेला, स्वतःहून कूसही बदलता येईना.

दुपारी बायको डबा घेऊन आली. काका जेवेनात. खोदून विचारल्यावर त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, ती बाई हीच, आणि नाव पडलंय ते असं.

बायकोनं डबा बाजूला सरकवला. मग म्हणाली, "माझे कपडे कोण शिवतं, माहीत आहे तुम्हाला?"

"कोपऱ्यावरची बाई. का?"

"घरात शिंप्याचा मुलगा असताना?"

काकांनी कधी विचारच केला नव्हता.

"धाकटी झाली त्यानंतर तुम्ही माझं माप घेतलं होतं. टेप लावलात आणि म्हणालात, आता दोन टेप जोडावे लागतील. सासूबाई होत्या, नणंद होती. मी पण हसले होते." ती उठली आणि डब्याला झाकण लावलं. "अठरा वर्षं झाली. तुम्हाला आठवणारही नाही."

खरंच आठवत नव्हतं. आठवत असतं तर निदान बरं वाटलं असतं.

त्यानंतरचे दोन दिवस काकांनी मनात वाक्यं जुळवण्यात घालवले. माफी मागायची तर कशी, कुणासमोर, कोणत्या शब्दात. इतकी वर्षं वाक्यं आपोआप सुचली होती, आता एक धड जुळेना. शेवटी त्यांनी सोपा रस्ता धरला. माफीऐवजी काम करून दाखवावं. सकाळच्या फेरीला मेट्रनबाई आल्या तेव्हा ते म्हणाले, "बाई, तुमच्या लोकांच्या गणवेशाची मापं मला बरोबर वाटत नाहीत. मी या धंद्यातला आहे. एखादी न वापरलेली पँट असेल तर मोजून दाखवतो."

मेट्रनबाई करड्या होत्या, पण कामाचं ऐकणाऱ्या. त्यांनी मावशीलाच भांडारात पाठवून चार-पाच कोऱ्या पँटा मागवल्या. काकांचा टेप त्यांच्या पिशवीत होताच. खाटेवर टेकून बसून त्यांनी वॉर्डादेखत एकेक पँट मोजली. बेचाळीसची साडेएकोणचाळीस. चाळीसची साडेसदतीस. पँट उलटी करून शिवण दाखवली, दोन बोटांनी जरासं ओढताच टाके कट्कट् करत सुटले.

"अगं बाई," एक सिस्टर म्हणाल्या. "आणि आम्हाला वाटत होतं, आम्हीच सुटलो!"

मामा मान खाली घालून स्वतःच्या पँटच्या पट्ट्याशी खेळत राहिला. मेट्रनबाईंनी विचारलं, "तुमच्याच दुकानातून आल्यात ना या? तुम्हाला हे कधी कळलं?"

काका म्हणाले, "आत्ताच. मोजल्यावर."

शब्द तोंडातून गेले आणि त्यांना कळलं की हेही आपोआपच आलं. मेट्रनबाई म्हणाल्या, "बरं झालं तुमच्यासारखा जाणकार माणूस इथं आला. पायाला दुखणं असून एवढं केलंत." शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं टाळी वाजवली. लोकांनी मान डोलावली. काका ओशाळं हसले. मावशी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून मोजलेल्या पँटा एकेक करून घडी घालत होती. तिनं एकदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत प्रथमच थोडी ऊब होती, आणि तीच काकांना सोसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा ओढला गेला. ती पाठ पुसत होती, काका भिंतीकडे तोंड करून कुशीवर. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच कदाचित जमलं.

"मी तो दुकानवाला," ते म्हणाले. "तंबूवाला."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. हात चालूच होता. "पहिल्याच दिवशी ओळखलं."

"मग काही बोलला नाहीत."

"अंग पुसायचं होतं, त्यात काय बोलायचं."

"मावशी, काल मी खोटं बोललो. मला आधीच माहीत होतं. माल आला त्या दिवशी मी मोजला होता. तुम्ही दुकानात आलात तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं की पँट लहान आहे."

हात थांबला. टॉवेल पाठीवर तसाच राहिला, गार होत गेला.

"ठाऊक होतं?"

"हो."

"मी म्हणत होते ती बेचाळीस नाही, तेव्हा?"

"तेव्हाही."

तिनं त्यांना हळूच सरळ केलं, चादर ओढली. घाईनं नाही, रोजच्यासारखीच, दुखणार नाही अशी. मग भांडं खाली ठेवून ती खाटेजवळच्या स्टुलावर बसली. ती बसलेली काकांनी पहिल्यांदाच पाहिली.

"मला वाटलं, मीच वाढले," ती म्हणाली. "मला वाटलं, दहा वर्षं बेचाळीस होतं ते माझ्या ध्यानात आलं नाही, आणि सगळ्यांना दिसत होतं. चार महिने रात्रीचं जेवले नाही मी. एकदा जिन्यात चक्कर येऊन पडले. पोरगी विचारायची, आई, तू का जेवत नाहीस. काय सांगणार? कामावर डबा खाताना भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. आणि तुमचा राग नाही आला मला, खरं सांगते. तुम्ही परके. राग कशाचा येतो सांगू? मी हसले त्याचा. मी का हसले? आजही अंग पुसताना, चादरी बदलताना तेच येतं मनात. मी का हसले असेन?"

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "माझं चुकलं. मला माफ करा."

"ते मला नका सांगू," ती उठत म्हणाली. "काल सगळ्यांसमोर टाळी घेतलीत ना? मग हेही सगळ्यांसमोर सांगा. मेट्रनबाईंना सांगा. माझ्या एकटीच्या कानात सांगून तुमचं ओझं उतरेल, माझं काय होणार?"

तिनं पडदा उघडला आणि भांडं घेऊन गेली. शर्टाचं वरचं बटण त्या दिवशी काकांनी स्वतः लावलं.

मेट्रनबाईंची फेरी साडेअकराला असे. त्या दीड तासात काकांनी तीनदा ठरवलं की सांगायचं नाही. नोकरी जाईल. पाय असा. त्या येऊन खाटेशी उभ्या राहिल्या, "काय, आज कसं वाटतंय?" म्हणाल्या, आणि काकांनी सांगून टाकलं. आवाज फुटत होता, पण त्यांनी तो मुद्दाम चढाच ठेवला. माल कधी आला, कधी मोजला, मालकांना काय म्हणालो, ते काय म्हणाले, ही मावशी तक्रार घेऊन आली तेव्हा आपण तिला काय बोललो. तंबू हा शब्दही त्यांनी उच्चारला. "ते नाव मी पाडलं. पँट खोटी होती, ही बाई खरी होती."

या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. म्हाताऱ्यानं कूस बदलून पाठ केली. मामा औषधांची गाडी तशीच धरून उभा होता, त्याचा चेहरा उतरला. मेट्रनबाईंनी चष्मा काढून पुसला. "तुमचं वय काय?" एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या खाटेकडे गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून काकांचं अंग पुसायला मामा येऊ लागला. रजेवरचा परत आला म्हणून की तिनं मागून घेतलं म्हणून, हे काकांनी विचारलं नाही. मामाचा हात जड होता आणि तो पडदा अर्धाच ओढायचा. तिसऱ्या दिवशी पाय पुसता पुसता मामाच म्हणाला, "आम्ही लाडानं म्हणायचो हो ते." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "लाडानंच," आणि टॉवेल पिळत बसला.

इस्पितळानं सगळे गणवेश परत पाठवले आणि काम दुसरीकडे दिलं. धाकटे मालक एकदा वॉर्डात येऊन गेले. फळं आणली होती, ती पिशवीतून काढली नाहीत. "सव्वीस वर्षं, काका," म्हणाले. "एवढं करायचं होतं तर आधी मला सांगायचं होतं."

"सांगितलं होतं," काका म्हणाले.

मालकांना खरंच आठवत नव्हतं. ते उठले, आणि बरे झालात तरी घाईनं कामावर यायची गरज नाही, असं दारातून सांगून गेले.

काका वॉकर घेऊन घरी आले. महिन्याभरानं खुर्चीत बसता यायला लागलं तसं त्यांनी वडिलांचं जुनं मशीन पुसून तेलपाणी केलं. गल्लीतले लोक लहान झालेले, फाटलेले कपडे आणू लागले. तयार कपड्यांत आत मायाच नसते, त्यामुळे कुठंतरी दुसरं कापड जोडावं लागायचं, ते दिसणार नाही असं. बायको शेजारी बसून बटणं लावायची. आपलं माप घ्या असं ती म्हणाली नाही, आणि विचारायची काकांची छाती झाली नाही. कोपऱ्यावरच्या बाईकडेच तिचे कपडे शिवले जात राहिले.

तीन महिन्यांनी पाय दाखवायला काका पुन्हा इस्पितळात गेले. आता वॉकर गेला होता, हातात काठी होती. लांबलचक व्हरांड्यात एक्स-रेच्या खोलीबाहेर रांग लागली होती. समोरून रिकामी खाट ढकलत ती येत होती. नवा गणवेश, गडद निळा, खांद्यावर आणि कमरेला नीट बसलेला. कमरेला स्वेटर नव्हता.

काकांनी या भेटीसाठी घरी बरीच वाक्यं तयार केली होती. ती जवळ आली तशी एकेक गळून गेली. ते भिंतीला टेकून उभे राहिले, मान खाली. वाटलं, बघू नये तिनं, तशीच पुढं जावी.

खाटेची चाकं थांबली.

"पाय कसा आहे?"

"बरा आहे."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं, पायापासून वर, काठीपर्यंत. "चालून दाखवा."

काका चार पावलं चालले.

"काठी चुकीच्या हातात धरलीत," ती म्हणाली. "मोडला तो पाय उजवा ना? मग काठी डाव्या हातात. दुखऱ्या बाजूला नाही धरायची. कुणी सांगितलं नाही का?"

"नाही."

"धरा."

काकांनी हात बदलला. दोन पावलं अडखळले, मग जमलं. ती दोन पावलं होईस्तोवर ती थांबली, हसली नाही. मग खाट ढकलत लिफ्टकडे गेली. काका डाव्या हातात काठी धरून रांगेच्या शेवटाला जाऊन उभे राहिले.